खांदा डावा, नजर उजवीकडे

"हा टेप कुणी लावला?"

सायली माझ्या टेबलावर पालथी पडली होती, तोंड टेबलाच्या भोकात. डाव्या खांद्यावर गुलाबी पट्ट्या होत्या, अगदी झगझगीत, लग्नाच्या मांडवाला शोभतील अशा. पट्ट्यांचे कोपरे गोल कापलेले होते. कोपरे टोकदार ठेवले की टेप कपड्याला लागून सुटतो, म्हणून गोल कापायचे. ही युक्ती अलिबागमध्ये मी एकाच मुलीला शिकवली होती. त्यामुळे नाव ऐकायची गरज नव्हती.

"केतकीकडे गेली होतीस?"

"तन्वी घेऊन गेली," सायली भोकातूनच म्हणाली. "ती म्हणाली टेपने बरं वाटतं."

"मग? वाटलं?"

"वाटलं थोडं."

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी टेप काढला. जरा जोरातच काढला असेन, कारण ती "आई गं" म्हणाली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची श्रीवर्धनची, आमची सुपारीची वाडी आहे तिथे. लग्न होऊन अलिबागला आले आणि क्लिनिक काढलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या बोर्डावर नुसतं 'फिजिओथेरपी' लिहिलंय. उन्हाने रंग उडालाय, पण लोकांना माहीत आहे. रस्त्यापलीकडे बरोबर समोर केतकीचं क्लिनिक आहे. तिच्या बोर्डावर 'स्पोर्ट्स फिजिओ' असं आहे आणि तो बोर्ड रात्री पेटतो. ही केतकी रेवदंड्याची. कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा माझ्याकडेच नोकरीला होती. हात कुठे ठेवायचा, किती दाबायचा, पेशंट "दुखतंय" म्हणाला तर थांबायचं की नाही, हे सगळं ती माझ्या टेबलापाशी शिकली. मग एक दिवस पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला आणि समोर गाळा घेतला. काचेचं दार. आत सायकली, रंगीत रबराचे बँड, भिंतभर आरसा. आणि हातात सदा मोबाईल, रील काढायला!

जळते मी तिच्यावर. सांगून टाकलेलं बरं. माझ्या टेबलापाशी उभं राहिलं की उजवीकडे खिडकी येते आणि खिडकीतून तिचं दार दिसतं. कोण आत गेलं, कोण लंगडत गेलं नि सरळ बाहेर आलं, सगळं मला पाठ. आणि बया वाईट वागली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण ती दिवाळीला फराळ पाठवते. रस्त्यात भेटली की "अहो मॅडम, तुमची तब्येत कशी आहे?" म्हणून विचारते. काय करायचं अशा माणसाचं?

तर सायली. सायली म्हात्रे, बारावीला. पोयनाडच्या आतल्या गावातली, घरची भातशेती, वडील कंपनीत ऑपरेटर. ती आणि तन्वी चुलत बहिणी. एकाच घरात वाढल्या, एकाच विहिरीत पोहायला शिकल्या. थळच्या रस्त्याला एका क्लबचा पूल आहे, तिथे दोघी सरावाला येत. सायली मोठी, आधी सुरू केलेली, क्लबातली सगळ्यात वेगवान मुलगी. म्हणजे, होती. तन्वी दीड वर्षाने लहान, पण वर्षभरात हातभर उंच झाली. हाताची वल्ही लांबली की पाण्यात काय होतं ते सांगायला नको. ती सायलीच्या बरोबरीला आली.

समुद्रातल्या लांब पल्ल्याच्या राज्य स्पर्धेला क्लबातून मुलींमधली एकच पाठवायची होती. त्यासाठी चाचणी होती, दीड महिन्यावर. सायलीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. राज्याला गेली असती तर मुंबईच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश मिळायची आशा होती. नाही तर गावाजवळचं कॉलेज आणि पोहणं बंद, असं वडिलांनी स्पष्ट सांगितलेलं. आणि नेमका आता डावा खांदा धरला.

ती पहिल्यांदा आली तेव्हा आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. सोनोग्राफी झालेली. काही फाटलेलं नव्हतं. डॉक्टरांनी लिहून दिलं, शोल्डर इम्पिंजमेंट. सोपं करून सांगते. खांद्याच्या वर हाडाचं एक छोटं छप्पर असतं. खाली दंडाच्या हाडाचा गोळा. मध्ये फट. त्या फटीतून स्नायूचा दोर जातो. हात डोक्यावर नेताना गोळा खाली सरकायला हवा, तो सरकला नाही की दोर चिमटतो. दाराच्या फटीत बोट सापडल्यासारखं. एकदा सापडलं तर बोट बरं होतं. पोहणारा माणूस मात्र त्याच फटीत दिवसाला हजारदा बोट घालतो.

मी तिला हात बाजूने वर उचलायला सांगितलं. सुरुवातीला काही नाही. खांद्याच्या उंचीला आला नि तोंड वाकडं झालं. कानाशी गेला की पुन्हा बरं. मधल्या टप्प्यातच दुखणं ही या आजाराची खूण. पाठीमागून पाहिलं तर डावा फरा, म्हणजे खांद्यामागचं ते पसरट हाड, बरगड्यांना धरून सरकत नव्हता. छातीच्या पुढचे स्नायू आखडलेले. खांदे पुढे आलेले.

सायलीची आई बरोबर होती. हात जोडून बसलेली.

"मॅडम, तुमी करा तुमचं. पण मी सांगतंय, पोरीला नजर लागली हाय."

"कुणाची नजर?"

"आता नाव कशाला घ्यायचं? घरातलीच हाय." आणि तिने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर तन्वी बसली होती. सायलीला स्कूटरवरून घेऊन तीच आली होती. म्हणजे रोख तन्वीच्या आईवर, स्वतःच्या जावेवर. "मी रोज मीठ-मोहऱ्या ओवाळतंय, तरी उतरत न्हाय."

सायली छताकडे बघत होती. ऐकून न ऐकल्यासारखं.

मी माझं काम सुरू केलं. हाताने करायचं ते आधी. दंडाचा गोळा हलकेच खाली आणि मागे सरकवायचा, पुन्हा पुन्हा, घाई न करता. छातीपुढचा आखडलेला स्नायू बोटांनी सैल करायचा. पाठीचे वरचे मणके मोकळे करायचे, कारण पाठ वाकलेली असेल तर खांद्याला वर जायला वाट मिळत नाही. मग व्यायाम. कोपराखाली टॉवेलची घडी धरून रबर बँड बाहेर ओढायचा. उताणं पडून मूठ छताकडे ढकलायची, म्हणजे फऱ्याला धरून ठेवणारा स्नायू जागा होतो. भिंतीवर हात सरकवत वर न्यायचे. पाण्यात हाताला लावायच्या प्लॅस्टिकच्या चपट्या असतात, पॅडल म्हणतात त्यांना, त्या बंद. सराव निम्म्यावर. दुखलं तर थांबायचं.

मुलगी गुणी. व्यायाम चुकवायची नाही. टेबलावरून उठली की हात सरळ वर जायचा. "नाही दुखत, मॅडम!" असं म्हणायची, हसायची. आणि पुन्हा आली की तोंड वाकडं. पुन्हा तिथेच चिमटा. फऱ्याला ताकद येत होती, पाठ सुटली होती, माझ्या सगळ्या तपासण्या सुधारत होत्या आणि पाण्यात गेली की खांदा दुखत होता. टेबलावर बरी, पाण्यात वाईट. चाचणी जवळ येत होती.

आणि त्यात तो गुलाबी टेप.

"केतकी मॅडम पूलवर पण येतात," सायली म्हणाली. "व्हिडिओ काढतात. स्लो मोशनमध्ये दाखवतात."

"असं का? आणि काय दिसलं मग स्लो मोशनमध्ये?"

"म्हणाल्या, डावा हात पाण्यातून चपटा बाहेर येतो. कोपर उचलत नाही."

"का उचलत नाही?"

"ते नाही सांगितलं."

हुश्श. माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला. पण तेवढ्यापुरताच. ही पूलवर जाते आणि मी जात नाही, हे काही पचनी पडेना. इतक्या वर्षांत मी पेशंटला पाण्यात कधी बघायला गेले नव्हते. मी टेबलावरची बाई. रात्री जेवताना नवऱ्याला म्हटलं, "मी उद्या सकाळी पूलवर जाणार."

शिरीष, माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो. तो पोळी मोडता मोडता म्हणाला, "सायलीसाठी की केतकीसाठी?"

"खांद्यासाठी!"

"बरं. मान कशी आहे तुझी?"

माझी मान बरेच दिवस उजवीकडे आखडलेली होती. उशी बदलून पाहिली होती, नव्या उशीचाही काही उपयोग झाला नव्हता. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

सकाळी पूलवर पोचले तर केतकी आधीच हजर. पांढरे शूज, केस वर बांधलेले, मोबाईल काठीला लावलेला. मला बघून धावत आली. "अय्या मॅडम! तुम्ही? बसा ना, मी खुर्ची आणते." आणली पण. मी बसले. मनात म्हटलं, बाई गं, निदान खुर्ची तरी आणायची नाहीस.

घरत सर कोच आहेत. गळ्यात शिट्टी, आवाज फाटका, समुद्रावर ओरडून ओरडून झालेला. त्यांनी मुलींना पाण्यात सोडलं. सायली मधल्या लेनमध्ये, तिच्या उजवीकडच्या लेनमध्ये नेहमीप्रमाणे तन्वी. सर एकाच दिशेने पोहायला लावत, परत काठाने चालत यायचं, त्यामुळे बाजू कधी बदलत नसे.

खरं सांगते, पहिली दहा मिनिटं मी सायलीकडे बघितलंच नाही. मी केतकीकडे बघत होते. ती मोबाईल कुठे धरते, सरांशी कशी बोलते, सर कसे माना डोलावतात. माझ्या बोलण्यावर सरांनी कधी अशी मान डोलावली नव्हती. मग मानेत कळ आली, म्हणून डोकं सरळ केलं. समोर सायली पोहत होती.

आता पोहताना श्वास कसा घेतात ते सांगते. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात असतं. श्वासाला डोकं एका बाजूला वळवायचं, एक डोळा पाण्यातच राहील इतकंच, झटकन हवा घ्यायची नि परत. अंगही लाटण्यासारखं थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे लोळलं पाहिजे. अंग उजव्या कुशीवर लोळलं, म्हणजे डावा खांदा वर आला, की डाव्या हाताला पाण्याबाहेर यायला जागा मिळते.

सायली प्रत्येक श्वास उजवीकडे घेत होती. एकही डावीकडे नाही. त्यात नवल नाही, पुष्कळ जण एकाच बाजूला घेतात. नवल वेगळंच होतं. तिचं डोकं वळायचं आणि तिथेच राहायचं. हवा घेऊन झाली तरी राहायचं. दोन्ही डोळे पाण्याबाहेर. आणि तेवढा वेळ डावा हात पुढे ताणलेला, पाण्यात खाली दबलेला, सगळं अंग त्याच्यावर लोंबकळलेलं. तिथेच चिमटा बसत होता. शिवाय सदा उजवीकडेच वळल्यामुळे डावा खांदा वर यायचाच नाही. मग हात चपटा बाहेर येणार नाही तर काय होणार?

म्हटलं, डोकं का अडकतंय हिचं? मान आखडली असेल. म्हणजे मीच मान तपासायला चुकले की काय? तेवढ्यात तन्वी पाणी प्यायला थांबली. तिची लेन रिकामी झाली. आणि सायलीचा श्वास एकदम छोटा झाला. डोकं वळलं, परत आलं. वळलं, परत आलं. अगदी पुस्तकातल्यासारखं. तन्वी पुन्हा पाण्यात उतरली, सायलीच्या बरोबरीला आली आणि डोकं परत अडकायला लागलं.

मी उठले. खुर्ची मागे पडली.

"सर, एक काम करा. तन्वीला हिच्या डाव्या बाजूच्या लेनमध्ये टाका."

"मॅडम, सराव चालू आहे."

"माहीत आहे. एकदाच टाका."

सरांनी शिट्टी मारली. तन्वी दोरीखालून डुबकी मारून पलीकडे गेली. हसत हसत गेली. ती सगळं हसतच करते. दोघी पुन्हा निघाल्या.

सायलीने पहिला श्वास डावीकडे घेतला. दुसराही डावीकडे. तिसराही. तिकडून कधी श्वास घेतच नव्हती ती मुलगी, आणि आता जणू जन्मापासून डावीकडेच घेत होती. डोकं वळायचं आणि तन्वीवर अडकायचं.

घरत सरांची शिट्टी ओठातच राहिली. "अरे तिच्यायला," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "सॉरी मॅडम."

मी केतकीकडे वळले. विचारावं लागलंच. "काढलंस का?"

"काढलं, मॅडम. सगळं काढलं." तिचे डोळे चमकत होते. "अहो मॅडम, मी एवढे व्हिडिओ काढले, मी फक्त हात बघत होते. डोळे बघितलेच नाहीत तिचे!"

किती बरं वाटलं मला ते ऐकून! किती ते लिहून दाखवता येणार नाही.

सायलीला मी क्लिनिकमध्ये एकटीला बसवलं. केतकीने पाठवलेला व्हिडिओ दाखवला. ती बघत राहिली. कान लाल झाले.

"मी मुद्दाम नाही करत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ती पुढे आहे की मागे, एवढंच बघते."

"प्रत्येक श्वासाला?"

ती एकदम उसळली. "तुम्हाला काय कळणार, मॅडम? मी तिला पोहायला शिकवलं. विहिरीत हनुवटी धरून शिकवलं. आता सगळे म्हणतात, तन्वीचे हात बघा, तन्वीची उंची बघा. आणि ती वाईट पण नाही वागत. माझी बॅग उचलते. मला स्कूटरवरून आणते. टेप लावायला नेते. मला तिचा इतका राग येतो, आणि राग यावा असं ती काहीच करत नाही!"

मी खिडकीकडे पाहिलं. समोर केतकी काच पुसत होती. मला बघून तिने हात हलवला.

सायलीनेही तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पोरगी हुशार. "मॅडम, तुमची मान उजवीकडेच धरलीय ना?"

"उशी बरोबर नाही माझी," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मत्सर घालवायचं मशीन माझ्याकडे नाही. केतकीकडेही नाही, आणि असतं तर तिने रील काढलं असतं. तन्वीवर प्रेम कर, मन मोठं कर, असं काही मी सायलीला सांगितलं नाही. मलाच जमत नाही ते. मी म्हटलं, "बघायचंय ना तिच्याकडे? बघ. पोटभर बघ. पण शर्यत संपून शेवटाला हात लागल्यावर. मध्ये नाही. मध्ये बघितलंस की तुझा खांदा जातो आणि तिला फुकट पुढे जायला मिळतं."

हे तिला पटलं. उपदेश केला असता तर पटला नसता.

मग दर तिसऱ्या हाताला श्वास, म्हणजे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, असं ठरलं. घरत सर तन्वीला रोज वेगळ्या लेनमध्ये टाकायचे, कधी उजवी, कधी डावी, कधी दोन लेन सोडून. अंग दोन्ही बाजूंना लोळायला लागलं. माझं टेबलावरचं काम चालूच होतं, बँड चालूच होता, फक्त आता त्याचा फायदा पाण्यात टिकत होता. केतकी पूलवर स्लो मोशन काढायची आणि मला पाठवायची. खाली लिहायची, 'मॅडम, ठीक आहे का?' मी लिहायची, 'ठीक.' एकदा 'छान' लिहून पुसलं आणि पुन्हा 'ठीक' लिहिलं.

आईला सांगायला मात्र कठीण गेलं. ती मीठ-मोहऱ्यांचा पुडा घेऊनच आली होती, क्लिनिकमध्ये ओवाळते म्हणून.

"ताई, नजरच होती," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं. पण तुमच्या जावेची नव्हती."

"मंग कुनाची?"

"सायलीचीच."

"काय तरीच काय! सवताची नजर सवताला लागती व्हय?"

मी व्हिडिओ दाखवला. तिने पुन्हा दाखवायला सांगितला. मग मोबाईल माझ्या हातात दिला आणि पुडा पदराखाली सारला. "बरं झालं, घरात कुनाला बोललं न्हाय," ती एवढंच म्हणाली.

चाचणी थळच्या समुद्रात होती. बंदराजवळून निघायचं, किनारा धरून पोहायचं आणि झेंड्यापाशी बाहेर यायचं. संगतीला कोळ्यांच्या होड्या, दमलं-भागलं तर उचलून घ्यायला. वारा नव्हता, पाणी बऱ्यापैकी शांत. मी, सायलीची आई, तन्वीची आई आणि अर्थातच केतकी किनाऱ्यावर उभ्या. माझ्या डोळ्यांना लांबच्या टोप्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. केतकीच्या मोबाईलला सगळं जवळ दिसत होतं.

मला विचारावं लागलंच. "काय दिसतंय?"

"तन्वी उजवीकडे आहे, मॅडम. अगदी शेजारी."

"म्हणजे मेलो!"

"थांबा. डावीकडे घेतला श्वास. आता उजवीकडे. डोकं परत गेलं. परत डावीकडे." केतकी मोबाईलमधून डोळे न काढता सांगत होती. मी तिचा दंड घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं. "मॅडम, तन्वी पुढे जातेय."

"सायली बघतेय का तिच्याकडे?"

"नाही."

"नक्की?"

"नाही बघत, मॅडम. आई शप्पथ नाही बघत."

मग मध्ये होड्या आल्या आणि मोबाईललाही काही दिसेना. दोन्ही जावा एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या, कुणाची मुलगी पुढे आहे ते दोघींना ठाऊक नव्हतं. झेंड्याच्या दिशेने एक टोपी वळली. लाल टोपी. मला आठवेना लाल कुणाची.

"सायली!" आईने ओरडून सांगितलं. तिला टोपीची गरज नव्हती.

सायली झेंड्यापाशी उभी राहिली. हात लावला. पाणी गुडघ्याएवढं होतं. सर ओरडले, लोक ओरडले, ती कुणाकडेच बघेना. तिने चष्मा कपाळावर ढकलला, मागे वळली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तन्वी अजून येत होती. सायली बघत होती. एकेक हात, एकेक श्वास, सगळं नीट, निवांत बघत होती. डावा हातही कमरेवरच, दुखण्याची खूण नाही.

मी पाण्यात शिरले. साडी भिजली. "अगं, बाहेर ये, अंग पूस."

"थांबा, मॅडम," ती न वळता म्हणाली. "आता बघू दे ना."

मी थांबले. तन्वी आली, धापा टाकत, आणि आल्या आल्या हिच्या गळ्यात पडली. "ताई, तू कुठे होतीस? मला वाटलं तू मागे आहेस!" सायलीने तिला धरलं. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला. असली कार्टी!

किनाऱ्यावर आईने दोघींवरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. आधी तन्वीवरून. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं.

सायली राज्याला गेली. मुंबईच्या कॉलेजात प्रवेशही मिळाला. तन्वीचं आणखी एक वर्ष आहे, तिला पुढच्या खेपेला संधी मिळेल. केतकीने रील टाकलं, 'खांद्याचं दुखणं आणि डोळे' असं काहीतरी. खाली लिहिलं होतं, 'हे माझ्या मॅडमनी ओळखलं.' माझं नाव, क्लिनिकचा पत्ता, सगळं दिलं होतं. ते बघून पनवेलपासून लोक यायला लागले. गाड्या लावून उतरायचे आणि आधी केतकीच्याच दारात शिरायचे, कारण तिचा बोर्ड पेटतो. ती त्यांना रस्ता ओलांडून माझ्याकडे आणून सोडायची. हसत हसत. असला त्रास देते ती मला.

पोहणाऱ्याचा खांदा आला की मी आता आधी विचारते, शेजारच्या लेनमध्ये कोण असतं? लोकांना वाटतं, बाई गप्पिष्ट आहे. उत्तर मिळालं की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं हाताने नि बँडने करायचं, त्याला पर्याय नाही.

टेबल मी फिरवून घेतलं. आता काम करताना खिडकी पाठीमागे येते. मान सुटली. नवी उशी शिरीषने स्वतःकडे घेतली. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला, टेबल पुसून झालं, हात धुतले की मी खुर्ची खिडकीत ओढते आणि चहा घेऊन बसते. समोरचा बोर्ड पेटतो. मग मी बघते. पोटभर बघते.